सपाट चांदण्या

१

काचेच्या पेटीचं कुलूप जागच्या जागी होतं, काचेवर साधा ओरखडाही नव्हता, आणि आतलं चित्र गेलं होतं. मागे राहिली होती फक्त त्याला लावलेली पुठ्ठ्याची चौकट, रिकाम्या खिडकीसारखी.

गर्दी वरच्या दालनाच्या दारातच थबकली. सगळ्यांत पुढे चाकांच्या खुर्चीत अण्णा होते. त्यांची नजर आता इतकी अधू झाली होती, की सगळे अचानक गप्प का झाले हे त्यांना कळेना.

"पोचलो का गं आपण?" त्यांनी मागे खुर्ची धरून उभ्या असलेल्या लेकीला विचारलं.

'लोहपंख' या चित्रकथेच्या पहिल्या अंकाचं ते मुखपृष्ठ. छापलेलं नव्हे, अण्णांनी तरुणपणी शाईने काढलेलं मूळ चित्र. दिवसा पत्र्याचे डबे जोडणारा आणि अंधार पडला की पोलादी पंख चढवून छपरांवरून झेपावणारा हा नायक कित्येक वर्षं दर महिन्याला येत होता. कागद स्वस्तातला, शाई बोटांना लागणारी. पण पोरं अंक भाड्याने घेऊन रस्त्यातच उभी राहून वाचायची, आणि शेवटचं पान कुणीतरी आधीच फाडलेलं असलं तर रडायची. त्या काळी मूळ चित्रांना कुणी विचारत नव्हतं. छपाई झाली की ती गठ्ठे बांधायला वापरत, नाहीतर बंबात घालत. एवढं एकच वाचलं होतं, असं मालक दर मेळाव्यात सांगत आले होते.

मालक म्हणजे प्रकाशनसंस्थेच्या संस्थापकांचे चिरंजीव. त्यांनी कपाळावरून रुमाल फिरवला. कपाळावर घट्ट टोपी काढल्यावर उमटते तशी तांबडी रेघ होती.

"सगळ्यांना परत तळघरात न्या आणि शटर खाली घ्या," ते जिन्याकडे वळून म्हणाले. "लिफ्ट तळघरात नेऊन बंद करा. चित्र मिळेपर्यंत कुणी बाहेर जाणार नाही."

सगळे तळघरात उतरल्यावर जिन्याच्या तोंडाशी लोखंडी शटर घरंगळत आलं आणि धाडकन टेकलं. तो आवाज विरेपर्यंत मालक थांबले. मग ते अण्णांच्या लेकीकडे वळले.

"पेटीची किल्ली माझ्या कोटात होती. कोट मी मंचावरच्या खुर्चीला अडकवून फोन करायला गेलो. त्या खुर्चीच्या मागेच तुम्ही बसला होतात, ताई. आता कोट आहे, किल्ली नाही."

२

ही इमारत एके काळी छापखाना होती. मेळावा भरायचा तो तळघरातल्या कागदाच्या कोठारात. त्याला खिडकी नव्हतीच. येण्याजाण्याची वाट म्हणजे एक जिना आणि एक लिफ्ट. आता जिन्याच्या तोंडाशी शटर पडलं होतं आणि आत चारेकशे माणसं अडकली होती; काहींनी पुठ्ठ्याचे पंख लावलेले, काहींनी डोळ्यांभोवती काळा रंग फासलेला. सकाळी मजेत दिसणारे तेच चेहरे घामाने ओघळत होते. भिंतीवरचे पंखे नुसती गरम हवा ढवळत होते.

"लोहपंखाला दर अंकात कोंडतात, तेव्हा मजा वाटायची," कुणीतरी म्हणालं. "आता कळतंय."

वाचक मंडळाचे अध्यक्ष गर्दीतून वाट काढत एका बाईंपाशी आले. साठी उलटलेली, पायाने किंचित लंगडणारी ही बाई दरवर्षी मेळाव्याला यायची, मागच्या रांगेत बसायची आणि कुणाशी फारसं बोलायची नाही. सगळे तिला विमाबाई म्हणत, कारण तिचा जन्म विमा कंपनीत चोऱ्या आणि आगी तपासण्यात गेला होता.

"तुम्ही बघता का जरा?" अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या ओठांना कोरड पडली होती. "मालक पोलिसांना बोलवत नाहीयेत. म्हणतात, म्हाताऱ्या माणसाच्या लेकीला पोलिसांच्या हवाली करणं बरं दिसत नाही."

"आणि त्यांची मागणी काय आहे?"

"तिने आणि अण्णांनी लिहून द्यायचं, की लोहपंखावर आणि कुठल्याही चित्रावर आमचा हक्क नाही, पुढेही सांगणार नाही. मग शटर उघडतो आणि विषय मिटवतो, म्हणतात."

विमाबाई सावकाश उठल्या. "चोराकडून चित्र मागायचं सोडून सही मागताहेत होय," त्या म्हणाल्या. "चला, बघू."

मालक मंचावर नुसत्या सदऱ्यावर बसले होते. विमाबाईंनी त्यांना एकच प्रश्न विचारला.

"चित्राचा विमा किती रकमेचा आहे?"

"विमा नाही काढलेला."

"इतक्या मोलाच्या वस्तूचा?"

"भावनेचा विमा निघत नाही, बाई," मालक म्हणाले, आणि आजूबाजूच्या दोघाचौघांनी माना डोलावल्या.

बाईंनी मान डोलावली नाही. त्या वरच्या दालनाच्या राखणदाराकडे गेल्या. तो जिन्याच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. सकाळपासून तो दारातून हलला नव्हता, आणि हेच त्याच्या अंगाशी येत होतं.

"सकाळी चित्र होतं?"

"होतं, बाई. मालकांनीच दार उघडलं, मी डोळ्यांनी पाहिलं. मग बाकीचं जग खाली सभेला गेलं. वर फक्त एकजण आला."

"कोण?"

"लोहपंख."

३

पंख लावून लोहपंख झालेला तरुण नाटकात कामं करणारा होता. मंडळी त्याला पंखवाला म्हणत. तो मंचामागे शिरस्त्राण मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्याही कपाळावर तांबडी रेघ होती; शिरस्त्राणाच्या आतली पत्र्याची पट्टी रुतून उमटलेली.

"मी वर गेलोच नाही," तो म्हणाला. "चित्राशेजारी माझा फोटो काढायचा ठरला होता, म्हणून लिफ्टमध्ये शिरलो. ती दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली. दिवा गेला. पंखांमुळे मला वळतासुद्धा येईना. ओरडलो, पण खाली गाणं चालू होतं. कोण ऐकणार? मग आपोआप सुरू झाली, तेव्हा तडक खालीच आलो. इथे माझ्या नावाने बोंबाबोंब. मालक स्वतः कपट्यांचं पोतं घेऊन उभे, लवकर जा म्हणून ढकलताहेत."

"कसल्या कपट्यांचं?"

"मी मंचावर येताना वरून रंगीत कागदाचे कपटे उडवतात ना, त्याचं. मंडळाच्या पोरींनी काल मालकांच्या खोलीतल्या कापायच्या यंत्रावर कापून ठेवले होते. एरवी हा माणूस पाण्याचा पेला उचलत नाही, आज पोतं उचलून पंख्यात ओतत होता."

विमाबाईंनी राखणदाराला बोलावलं. तो पंखवाल्याकडे बघायला तयार नव्हता.

"हाच आला होता," तो म्हणाला. "माझ्या खांद्यावर थाप मारली, दाराकडे बोट केलं, आत गेला. थोड्या वेळाने आला नि निघून गेला. हात रिकामे होते. पण पंखांच्या आत काय होतं, ते मी कशाला बघू? मी तर त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला. माझ्या धाकटीला दाखवायला."

"तो बोलला?"

"एक शब्द नाही."

"फोटो दाखवा."

छोट्याशा पडद्यावर राखणदार दात दाखवून हसत होता आणि शेजारी लोहपंख उभा होता, चेहरा पूर्ण झाकलेला. विमाबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोन नाकाशी नेला. बराच वेळ त्या छातीवरच्या चिन्हाकडे बघत राहिल्या.

हे चिन्ह म्हणजे उलगडलेली पिसं. सुरुवातीच्या अंकांत ती सात होती. पण खरबरीत कागदावर शाई पसरायची आणि सगळी पिसं एकमेकांत मिसळून खराट्यासारखी दिसायची. वाचकांनी पत्रांतून इतकी टर उडवली, की अण्णांनी ती पाच केली. जुने वाचक अजूनही सुरुवातीच्या अंकांना प्रेमाने 'खराट्याचे अंक' म्हणत.

पंखवाल्याच्या छातीवर पाच पिसं होती. फोटोतल्या लोहपंखाच्या छातीवर खराटा होता.

"सुटलात," विमाबाई पंखवाल्याला म्हणाल्या. "वर गेला तो दुसरा कुणीतरी."

४

पण ही सुटका लेकीला महागात पडली. दुसरा पोशाख होता एवढं कळताच मालक उभे राहिले.

"झालं तर मग," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तोंड झाकलं की आत बाई आहे का बुवा, कोण सांगणार? ताई चांगल्या उंच आहेत. आणि सभा चालू असताना त्या उठून बाहेर गेल्या होत्या. गेल्या होत्या की नाही?"

"अण्णांचं औषध गाडीत राहिलं होतं," लेक म्हणाली. "ते आणायला गेले."

"कुणी पाहिलं?"

कुणीच पाहिलं नव्हतं. गर्दी लेकीपासून जरा मागे सरली. कुणी सांगितलं नव्हतं, पण सरली. मालकांनी टाइप केलेला कागद आणि पेन मंचाच्या कडेला ठेवलं. ज्यांना उकडत होतं, ज्यांची पोरं रडत होती, ते सगळे आता त्या कागदाकडे बघायला लागले. एका बाईने तर बोलूनच दाखवलं, "करून टाका ना सही. आमचा काय दोष?"

विमाबाई अण्णांच्या खुर्चीशेजारी खाली टेकल्या. गुडघा दुखला तशी त्यांनी खुर्चीचं चाक धरलं.

"अण्णा, आजवर एकाही मेळाव्याला आला नाहीत. आजच का?"

"डोळे चाललेत," अण्णा म्हणाले. "उरलंय तेवढ्यात एकदा बघावं म्हटलं. हात लावावा."

"तुमचंच चित्र. आजवर कधी मागितलं नाहीत?"

"मागून काय करणार? पंचविशीत सही करून बसलो होतो. लोहपंखाला दर महिन्याला मीच कोंडायचो. विहिरीत, तिजोरीत, बर्फात. आणि दर महिन्याला बाहेर काढायचो. लोकांना वाटायचं, अण्णाला किती युक्त्या सुचतात. स्वतःसाठी एक सुचली नाही."

लेकीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग तीच बोलली. "बाई, लोहपंखाचे पंख आईने काढले होते. पहिल्या मुखपृष्ठावर दोघांच्या सह्या होत्या. थोरले मालक म्हणाले, दोन नावं मुखपृष्ठाला शोभत नाहीत, एक घालवा. अण्णांनी आईच्या सहीवर सफेदा फासला. पुढे तिने ब्रश हातात घेतला नाही. चित्राला हात लावायचा म्हणजे त्या जागेला लावायचा, म्हणून आणलं मी त्यांना. आधी कळवलं असतं तर येऊ दिलं नसतं, म्हणून न कळवता."

"म्हणजे तुम्ही येणार हे कुणालाच माहीत नव्हतं."

"कुणालाच नाही."

ते विमाबाईंनीही पाहिलं होतं. अण्णांची खुर्ची तळघरात शिरताच सगळं कोठार उठून उभं राहिलं होतं आणि 'अण्णांना चित्र दाखवा' असा एकच गलका झाला होता. मालक तेव्हा मंचावर होते. हसत 'जरूर, जरूर' म्हणाले होते, आणि कोट खुर्चीला अडकवून फोन करायला निघून गेले होते. आणखी एक गोष्ट आता त्यांना आठवली. त्या गलक्यात एकच माणूस उलटं बोलला होता. अध्यक्ष. 'जाऊ द्या, त्यांना कशाला वर नेऊन दमवायचं?' वास्तविक सगळ्यांत जास्त आनंद व्हायचा तो त्यांना.

बाई उठायला लागल्या, तेव्हा त्यांना अण्णांच्या कोटाच्या घडीत अडकलेला एक कपटा दिसला. बाकीचे लाल, पिवळे, निळे, झिरझिरीत. हा जाड होता. एका बाजूने कोरा, दुसऱ्या बाजूने काळा, आणि काळ्यात पांढरे बारीक ठिपके.

त्यांनी तो उचलला आणि खाली पाहिलं. चारशे माणसांच्या पायांखाली रंगीत कागदांचा थर पसरला होता. त्यात असे काळे कपटे आणखीही होते, इथे एक, तिथे एक.

५

"तुम्ही ते चित्र कितीदा पाहिलंत?" विमाबाईंनी अध्यक्षांना विचारलं. दोघं कोठाराच्या टोकाला, बंद लिफ्टच्या दारापाशी उभे होते. अध्यक्षांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"दरवर्षी. सगळ्यांसारखंच, काचेतून."

"तुम्ही सगळ्यांत जुने वाचक. मला सांगा तरी कसं होतं. मी मागच्या रांगेतली, मला कधी नीट बघायलाच मिळालं नाही."

प्रश्न साधा होता, आणि अध्यक्षांना या विषयावर बोलायला फार आवडायचं. इतका वेळ आक्रसलेला त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला.

"काय सांगू तुम्हाला. आकाश सगळं काळंभोर, ब्रशने भरलेलं. त्यात चांदण्या सफेद्याच्या, एकेक टिंब टेकवलेलं. पंखांवरच्या रेघा तर अशा सुटल्यात, की हात कुठे अडखळलाच नाही. आणि डाव्या कडेला, अगदी टोकाला, अण्णांच्या अंगठ्याचा शाईचा ठसा आहे. काम संपल्यावर कागद उचलला असणार, शाई ओली असताना. मला तर चित्रापेक्षा तो ठसा—"

ते मध्येच थांबले.

"कडेला," विमाबाई म्हणाल्या. "ती कड पुठ्ठ्याच्या चौकटीखाली होती, अध्यक्ष. काचेतून ती कुणालाच दिसत नव्हती."

अध्यक्षांनी लिफ्टच्या दाराला पाठ टेकली.

"मी चोरलं नाही," ते शेवटी म्हणाले.

"माहीत आहे मला. आज तर तुम्ही खालून हललाही नाहीत."

"मग काय पाहिजे तुम्हाला?"

"मला काही नको. त्या मुलीपुढे कागद ठेवलाय, आणि सगळे तिच्या सहीची वाट बघताहेत. मी आता मंचावर जाऊन बोलणार आहे. माझ्याकडे एक कपटा आहे, एक फोटो आहे आणि थोडी अक्कल आहे. त्यावर मालक हसतील. तुम्ही बोललात तर हसणार नाहीत."

"मी बोललो तर माझं काय उरेल?" अध्यक्ष म्हणाले. पण बाई पुढे गेल्या होत्या, आणि मंचावर लेकीने पेन उचललं होतं.

६

"थांबा, ताई," विमाबाई म्हणाल्या. आवाज फार मोठा नव्हता, पण उकाड्याने सगळे इतके गप्प झाले होते की तो शेवटपर्यंत पोचला.

त्या अण्णांपाशी गेल्या आणि तो कपटा त्यांच्या तळहातावर ठेवला. "अण्णा, बोट फिरवून सांगा. हा कागद तुमचा आहे का?"

अण्णांनी कपटा चिमटीत धरला. अंगठा काळ्या बाजूवरून नेला, परत आणला.

"ठिपके आहेत का यावर?"

"आहेत. पांढरे. काळ्या आकाशात चांदण्या असाव्यात तसे."

"मग हा माझा नाही," अण्णा म्हणाले. "शाईवर सफेदा टेकवला की तो वर उचलून राहतो, जखमेवरच्या खपलीसारखा. कितीही वर्षं गेली तरी बोटाला लागतो. हे सपाट आहे. हे छापलंय."

कोठारात कुजबुज पसरली. लोक वाकून जमिनीवरचे काळे कपटे शोधायला लागले. कुणाच्या हातात पंखाचं टोक आलं, कुणाच्या हातात छपराचा तुकडा.

"माझ्या नोकरीत एक सवय लागली," विमाबाई म्हणाल्या. "वस्तू चोरीला गेली असं कुणी सांगितलं, की मी आधी विचारायची, वस्तू होती का? इतक्या मोलाचं चित्र, आणि त्याचा विमा नाही. का नाही? विम्यासाठी पारखी येतो, चित्र चौकटीतून काढतो, बोट लावून बघतो. पेटीत नक्कल होती. काचेतून बघणाऱ्यांना ती चालली. पण आज अण्णा आले. न कळवता आले, आणि त्यांना चित्राला हात लावायचा होता. तेव्हा नक्कल नाहीशी व्हायला हवी होती, आणि तीही लगेच."

मालक बसल्या जागेवरून म्हणाले, "छान गोष्ट आहे. लोहपंखाच्या अंकात खपली असती. पण माझ्याकडे पुरावा—"

"चित्र चोरणारा ते जपतो," बाई पुढे बोलत राहिल्या. "इथे तर कापून कपटे केले. कपटे कापायचं यंत्र तुमच्या खोलीत आहे, पोतंही तिथेच होतं. सगळ्यांची झडती होणार हे तुम्हाला ठाऊक होतं, कारण शटर पाडायला लावणारे तुम्हीच. मग कागद ठेवायचा कुठे? सगळ्यांच्या पायाखाली. संध्याकाळी झाडूवाला लोटून नेणारच. आयुष्यात कधी न उचललेलं पोतं तुम्ही आज उचललंत. आणि लिफ्ट बंद पाडली ती एवढ्यासाठी, की खरा पंखवाला वर जाऊन तुमच्यासमोर उभा राहू नये."

"दुसरा पोशाख कुणीही घालू शकतो."

"सात पिसांचा एकच शिवला होता. पहिल्या मेळाव्यांत थोरल्या मालकांचा तरुण मुलगा तो घालून मंचावर यायचा. जुन्या वाचकांना आठवत असेल."

मागून दोघं-तिघं म्हणाले, "हो, हो. हेच यायचे."

"तो केव्हाच टाकून दिला," मालक म्हणाले.

"मग तुमच्या कपाळावर ती रेघ कसली?"

मालकांचा हात आपोआप कपाळाकडे गेला, आणि अर्ध्यावर थांबला. पंखवाला हातातलं शिरस्त्राण घेऊन पुढे आला. त्याच्या कपाळावरची रेघ अजून पुरती मावळली नव्हती. लोक एकदा त्याच्याकडे बघत, एकदा मालकांकडे.

तरीही मालक हसले. हसू ओढूनताणून आणलेलं होतं, पण होतं. "समजा, पेटीत नक्कल होती. मूळ चित्र मी सुरक्षित जागी ठेवलं असेल. माझं चित्र, माझी नक्कल, माझी पेटी. मी ती कापेन, नाहीतर जाळेन. यात कुणाचं काय गेलं? ताई, तुम्ही सही करा आणि या सगळ्यांना घरी जाऊ द्या."

कायद्याने बोलायचं तर त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. लेकीने विमाबाईंकडे पाहिलं. विमाबाईंकडे आता काही उरलं नव्हतं. त्या गर्दीकडे वळल्या, आणि वाट बघत राहिल्या.

गर्दीतून वाट मोकळी झाली. अध्यक्ष येत होते. मंचाच्या पायरीशी ते थांबले, वर चढले नाहीत.

"सुरक्षित जागी नाहीये ते," ते म्हणाले. "माझ्या कपाटात आहे. यांनी मला विकलं. कुणाला सांगायचं नाही, दाखवायचं नाही, या अटीवर. मला वाटलं, जगातला सगळ्यांत भाग्यवान माणूस झालो. तेव्हापासून माझ्या घरी मी कुणाला पाहुणा म्हणून बोलावलेलं नाही. दरवर्षी इथे येऊन नकलेपुढे उभा राहतो आणि लोकांना म्हणतो, बघा, बघा."

मालक उठून उभे राहिले. "तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता," अध्यक्ष म्हणाले. "आणि विकताना तुम्ही मला म्हणाला होतात, की अण्णांना चित्राचा मोबदला देऊन झालाय, त्यांनी ते राजीखुशीने सोडलंय. अण्णा, खरं आहे का हे?"

"चित्र जळालं, असं कळवलं होतं मला," अण्णा म्हणाले. "बंबात गेलं म्हणून. मागच्या साली कुणीतरी मेळाव्याचा फोटो लेकीला दाखवला, तेव्हा कळलं की आहे."

अण्णांची सही लोहपंखाच्या हक्कांवर होती. चित्राच्या कागदावर नव्हती. ज्या माणसाने ते जळालं म्हणून कळवलं, त्यालाच ते विकायचं होतं. मालकांनी मंचावरचा टाइप केलेला कागद उचलला, दुमडला, पुन्हा दुमडला. मग राखणदाराकडे न बघता म्हणाले, "शटर उघड."

राखणदार आधीच जिन्याने वर धावला होता. शटर वर जाऊ लागलं तशी वरून थंड हवा आली. लोक धक्काबुक्की न करता एकेक बाहेर पडले. मघाशी 'करून टाका सही' म्हणणारी बाई लेकीपाशी थांबली, काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, आणि तिच्या दंडाला हात लावून निघून गेली.

सात पिसांचा पोशाख मालकांच्या कपाटात सापडला, खालच्या खणात कोंबलेला. आतून अजून घामाने ओला होता.

७

प्रकरण कोर्टात गेलं नाही. मालकांना ते परवडणारं नव्हतं. पुढच्या वर्षापासून मेळावा त्या तळघरात भरायचा बंद झाला आणि लोहपंखाच्या पुन्हा छापल्या जाणाऱ्या अंकांवर दोघांची नावं यायला लागली, एक अण्णांचं, एक त्यांच्या पत्नीचं. त्यासाठी लेकीला बरेच हेलपाटे घालावे लागले.

चित्र अध्यक्षांनी दुसऱ्याच दिवशी आणून दिलं. दारातच लेकीच्या हातात ठेवलं आणि आत या म्हटलं तरी थांबले नाहीत. पण काही आठवड्यांनी ते पुन्हा आले. या वेळी हातात काही नव्हतं.

"बघायला आलोय," ते दारात उभे राहून म्हणाले. "चालेल का?"

लेकीने त्यांना आत घेतलं. चित्र अण्णांच्या पलंगासमोर, खिडकीच्या उजेडात लावलं होतं. त्याला काच नव्हती. अण्णा उशीला टेकून बसले होते. दिवस जात होते तशी त्यांना चित्राच्या जागी आता फक्त एक काळा चौकोन दिसत होता.

"बसा," ते म्हणाले. "आणि मला सांगा काय दिसतंय ते. हिला सांगता येत नाही नीट. ही नुसती 'छान आहे' म्हणते."

अध्यक्ष खुर्ची पुढे ओढून बसले. त्यांनी आकाशापासून सुरुवात केली, मग पंख, मग एकेक छप्पर. हळूहळू त्यांचा आवाज स्थिर झाला. बोलता बोलता ते पुढे वाकले.

"इथे खाली, कोपऱ्यातल्या गच्चीवर एक बाई आहे. अगदी छोटी. कपडे वाळत घालतेय. अण्णा, इतकी वर्षं चित्र माझ्याकडे होतं, मला कधी दिसली नाही ही."

"कपाटात विजेरी घेऊन बघत असाल."

"हो."

"ती कुठे बघतेय सांगा."

"लोहपंखाकडे असेल," अध्यक्ष म्हणाले, आणि आणखी वाकले. "नाही. दोरीकडेच बघतेय. डोक्यावरून पोलादी माणूस उडत चाललाय आणि हिचं लक्षच नाही."

"हिच्या आईला म्हटलं होतं मी, वर बघ, चित्र खुलेल," अण्णा म्हणाले. "ती म्हणाली, मला कामं आहेत."

लेक खिडकीपाशी उभी होती. ती हसली, आणि पाहुण्यांसाठी पाणी आणायला आत गेली.

"पुढे?" अण्णांनी विचारलं.

अध्यक्षांनी खुर्ची आणखी जवळ घेतली.